जाळ्यांवरच्या गोगलगाई

ताई माझ्या शिलाईच्या दुकानात शिरली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन बदलत होते. तिच्या हातात एकच पिशवी होती आणि पायांत घरात घालायच्या सपाता. दोन बस बदलून ती सपातांवर आली होती. मी गिऱ्हाइकाला संध्याकाळी यायला सांगितलं, दुकानाचा पडदा ओढला आणि तिला पाणी दिलं. तिनं ग्लास हातात धरला, पण प्यायली नाही.

"डॉक्टर म्हणाला, मला पुरुषाकडून लागणारा रोग झालाय," ती म्हणाली. "आणि हे म्हणाले, तो पुरुष कोण ते मी सांगावं."

मी कात्री खाली ठेवली. ती टेबलावरून घसरून पडली, तरी दोघींपैकी कुणी वाकलं नाही.

माझी ही थोरली बहीण धरणावर राहायची. नदी अडवून तिथं मोठं पॉवरहाऊस उभं केलं होतं. भिंतीच्या मागं नजर पोचेल तिथवर पाणी आणि भिंतीच्या खाली नोकरांची कॉलनी. भावोजी पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर होते. त्यांचे वडील त्याच भिंतीच्या बांधकामावर मुकादम होते. भावोजी कॉलनीत जन्मले, कॉलनीच्या शाळेत शिकले आणि कॉलनीतच नोकरीला लागले. "अर्ध्या मुलखात दिवे मी लावतो आणि घरातले माझी बायको विझवत फिरते," हा त्यांचा ठरलेला विनोद. ताई प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. इतकं त्या दोघांचं बरं चाललं होतं.

ताईही नोकरी करायची. जलाशयाच्या काठाशी जाळ्यांचे मोठाले चौकोनी पिंजरे पाण्यात सोडलेले असत आणि त्यांत माशांची पिल्लं वाढवत. जाळ्यांना शेवाळ धरतं, पाणगवत गुंततं, गोगलगाई चिकटतात. मग पाणी खेळायचं थांबतं आणि पिल्लं गुदमरून मरतात. ते सगळं हातानं खरवडून काढायचं काम बायकांकडे होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, तेही ऊन चढल्यावर, कारण सकाळी पाण्यात हाडं गारठतात. ताईला ते काम मनापासून आवडायचं. घरात सासूबाईंच्या नजरेखाली भांडी घासण्यापेक्षा पाण्यात उभं राहून मैत्रिणींशी गप्पा मारणं केव्हाही बरं, असं ती म्हणायची.

एक गोष्ट मात्र मनासारखी होत नव्हती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला दिवस राहत नव्हते. पुढं पुढं तिचं ओटीपोट दुखायला लागलं. पाळी नसतानाही मधूनच रक्त दिसायचं. बाईमाणूस अशा गोष्टी जितक्या दिवस लपवता येतील तितक्या लपवतं. तिनंही लपवल्या. मग एक दिवस पिंजऱ्यापाशी तिला चक्कर आली आणि मैत्रिणींनी तिला धरून कॉलनीच्या दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर नवाच आला होता. वयानं माझ्याहून लहान. त्यानं तपासलं, आत फोड आणि जखमा दिसताहेत म्हणाला, आणि टेबलाकडे बघत बघत सांगितलं की हा संबंधांतून होणारा संसर्ग असतो, नवऱ्यालाही गोळ्या घ्यायला लावा, नाहीतर परत होईल.

ताई घरी आली. भावोजी ड्यूटीवरून येऊन बूट काढत होते. तिनं त्यांच्यापुढं गोळ्यांची पाकिटं ठेवली आणि डॉक्टर बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही कुठं गेला होतात का?"

भावोजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते म्हणाले, "तू मला विचारतेस? मी तुला विचारायला हवं."

पलीकडच्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या घरात भिंतीला सासूच होती. ताईनं पिशवी उचलली आणि निघाली. कुणी अडवलं नाही.

हे सगळं तिनं मला न रडता सांगितलं. मला रडलेली चालली असती. ती नुसतीच सुन्न होती, ठेच लागल्यावर कळ यायच्या आधी क्षणभर माणूस असतो तशी.

माझा निवाडा लगेच झाला. ताईला मी परकरात असल्यापासून ओळखत होते, म्हणजे दोषी भावोजी. दुसऱ्या दिवशी ते दुकानासमोर येऊन उभे राहिले. मी बाहेर गेले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"तिला सांग, मी गोळ्या घेतल्यात," ते म्हणाले.

"पाप धुवायला घेतल्या असतील."

"मी कुठंही गेलेलो नाही. तीन पाळ्यांत टर्बाइनशीच संसार करतो, दुसरा कुठून करू?" ते हसायला गेले आणि ते हसू मधेच मोडलं. "खरं सांगतो, मलाच काही कळत नाही."

"मग कळल्यावर या," मी म्हटलं आणि पडदा ओढला. शिवणाच्या मशिनीवर बसलेली ताई सगळं ऐकत होती. तिनं मान वर केली नाही.

गोळ्या संपल्या तरी रक्त जायचं थांबलं नाही. तिचं माप घेतलं तर कमरेला चार बोटं कमी भरलं. मी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून टेबलभर चष्मा शोधत बसणाऱ्या. मला वाटलं होतं, या पण नवऱ्याचंच विचारतील. पण त्यांनी तपासणी केली, हात धुतले आणि विचारलं, "कामाला कुठं असता?"

ताईनं सांगितलं.

"पाण्यात उभं राहून? किती वेळ?"

"दुपारभर."

"पाण्यातून बाहेर आल्यावर कधी पाय खाजतात? पुरळ येतं?"

"सगळ्याच बायकांना येतं. आम्ही म्हणतो, पाणी चावलं."

डोक्यावरचा चष्मा बाईंना एकदम सापडला. त्या म्हणाल्या, "आता बारा वाजत आलेत, वेळ बरोबर आहे. त्या जिन्यावरून चारपाच वेळा वर-खाली करा आणि मग लघवीचा नमुना द्या."

ताई माझ्याकडे बघायला लागली. रोग पोटात आणि व्यायाम पायांना. पण ती जिना चढली-उतरली. मीही तिच्याबरोबर चढले-उतरले, एकटीला वेड्यासारखं वाटू नये म्हणून. तिसऱ्या खेपेला दोघी कठड्याला धरून उभ्या राहिलो आणि ती बऱ्याच दिवसांनी हसली.

थोड्या वेळानं बाईंनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. "बघा," त्या म्हणाल्या. आधी ताईनं पाहिलं, मग मी. फिकट उजेडात लांबट दाणे पडले होते, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला छोटा काटा.

"ही अंडी आहेत," बाई म्हणाल्या. "भर दुपारी आणि अंग हललं की लघवीत जास्त उतरतात, म्हणून जिना चढायला लावला. किड्यांची अंडी. ते किडे तुमच्या रक्तवाहिन्यांत राहतात, मूत्राशयाच्या आसपास. नर आणि मादी जोडीनं राहतात. नर मादीला कुशीत धरून असतो. वर्षानुवर्षं, सोडत नाही. मादी अंडी घालत राहते, आणि त्या काट्यांनी आतल्या जागी जखमा होतात. रक्त त्याचंच. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाहिले ते फोडही त्याचेच."

ताईनं टेबलाची कड घट्ट धरली.

"कुठून आले?" ताईनं विचारलं.

"पाण्यातल्या गोगलगायींतून. या किड्यांची पिल्लं गोगलगायीच्या अंगात वाढतात आणि ऊन चढलं की पाण्यात उतरतात. डोळ्याला दिसत नाहीत. पाण्यात माणूस उभा असला की कातडीतून आत शिरतात. पाणी चावलं म्हणता ना, ते हेच. मग रोग्याची लघवी पाण्यात गेली की त्यातली अंडी फुटतात, त्यातून निघालेलं गोगलगायीत शिरतं, आणि चक्र परत सुरू. यात नवऱ्याचा संबंध नाही. कुणाचाच नाही."

मग ताई हळूच म्हणाली, "मी त्यांना रोज हातानं खरवडते. मूठ मूठ भरून. नखाएवढ्या असतात, तपकिरी. आम्ही त्यांच्यावरून गाणी करतो." तिनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. "गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात. ते माझ्या पोटात निघाले."

बाईंनी औषध दिलं, वजन करून मोजलेल्या गोळ्या. किडे मरतील म्हणाल्या, काही आठवड्यांनी परत तपासू आणि पुन्हा गोळ्या देऊ. जखमांचे वण मात्र राहतील. मूल होईल का, यावर त्यांनी खोटा धीर दिला नाही. "होऊ शकेल. नाहीही होणार. आधी तुम्ही बऱ्या व्हा." मग म्हणाल्या, "नवऱ्याला बोलवा. त्यांचाही नमुना हवा."

फोन मी केला. मी एवढंच म्हटलं, "कळलंय. या."

भावोजी रात्रपाळी करून तसेच आले. व्हरांड्यात ताईसमोर उभे राहिले, पण बसायचं कुठं हे त्यांना कळेना, कारण तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असूनही ती त्यांच्यासाठी आहे की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत नेऊन सगळं समजावलं, जिना चढवला, बाटली दिली. ते बाहेर आले तेव्हा बाटली त्यांनी रुमालात गुंडाळली होती. बाईंनी रुमाल काढला. बाटलीत तांबडं होतं.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

भावोजी जमिनीकडे बघून म्हणाले, "लहानपणापासून. मधे मधे थांबतं, परत येतं."

ताई खुर्चीवरून उठली.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"काय सांगायचं? आमच्याकडे सगळ्या पोरांना व्हायचं. शाळा सुटली की काठावर रांगेनं उभे राहायचो. ज्याची लाल, तो मोठा झाला. ज्याची नाही, त्याला आम्ही बाळ म्हणून चिडवायचो. आईला दाखवलं तर ती म्हणाली, उष्णता आहे, पाणी जास्त पी." त्यांनी ताईकडे पाहिलं. "मोठेपणी परत सुरू झालं तेव्हा घाबरलो. मशीन हॉलच्या उष्म्यानं असेल, असं स्वतःलाच सांगत आलो. मग तू ती पाकिटं आणून ठेवलीस आणि म्हणालीस, पुरुषाकडून लागतो. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे आणि ते तुला लागलं. मी कुठं गेलो नव्हतो, तरी मला तसंच वाटलं. म्हणून तुझ्यावर उलटलो."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. आतापर्यंत त्या आम्हाला धक्के देत होत्या. आता धक्का त्यांना बसला होता. त्यांनी एक रोगी तपासली होती आणि व्हरांड्यात अख्खी शाळा येऊन उभी राहिली होती.

"तुमच्या वर्गात किती जणांना होतं?" त्यांनी विचारलं.

"बाई, कुणाला नव्हतं ते विचारा."

भावोजींची गाडी होती. पण ताई त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेली नाही. माझ्याबरोबर आली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "त्यांचं खरं आहे, कळतंय मला. पण 'मी तुला विचारायला हवं' हे वाक्य कुठल्या गोळीनं मरतं, ते बाईंना विचारायचं राहिलं."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई त्यांच्या माणसांना घेऊन धरणावर गेल्या. ताईला त्यांनी बरोबर घेतलं, कारण पिंजरे तिला ठाऊक होते, आणि ताईनं मला. बाईंनी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातले, हातमोजे चढवले आणि जाळ्यावरच्या गोगलगाई चिमट्यानं काढल्या. काचेच्या स्वच्छ ग्लासात नळाचं पाणी घेतलं, त्यात त्या सोडल्या आणि ग्लास उन्हात ठेवला. कामावरच्या बायका भोवती जमल्या. काही वेळ काहीच झालं नाही. मग बाईंनी ग्लासामागं काळा कागद धरला आणि भिंग पुढं केलं. पाण्यात बारीक पांढुरके कण वळवळत होते, एखादा झटका मारून वर यायचा आणि परत खाली बुडायचा. इतके, की पाणी जिवंत वाटत होतं.

एका बाईनं पाहिलं आणि ओले पाय साडीला पुसायला लागली. पुसतच राहिली. दुसरी म्हणाली, "माझी पोरगी रोज डबा घेऊन येते आणि इथंच पाय सोडून बसते."

गर्दी बघून सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही, ग्लासाकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, पूर्वी नदीत गोगलगाई असायच्या का. "असायच्या थोड्या," सासूबाई म्हणाल्या. "पण तेव्हा समुद्राकडून मोठे झिंगे वर चढायचे, ते खाऊन टाकायचे. भिंत झाली आणि झिंगे यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, गेले तर गेले. मासे आहेत की." मग ग्लासाकडेच बघत म्हणाल्या, "माझा मुलगा मला दाखवायचा आणि मी त्याला पाणी पी म्हणायचे." त्या तिथंच एका दगडावर बसल्या. थोड्या वेळानं ताईनं त्यांना हात देऊन उठवलं. त्या उठल्या. सॉरी वगैरे शब्द दोघींकडून निघाले नाहीत.

कॉलनीच्या दवाखान्यातला तो नवा डॉक्टरही आला होता. गर्दी पांगल्यावर तो ताईजवळ आला. "परीक्षेला मी या रोगावर दोन पानं लिहिली होती," तो म्हणाला. "समोर आला तेव्हा ओळखता आला नाही." ताई म्हणाली, "आता ओळखाल."

खरा अडथळा मात्र पुढं होता. तपासणीसाठी सगळ्यांनी मुलांसह यावं, अशी सूचना लागली, पण पुरुष आणि मुलगे फिरकले नाहीत. बायकांनी मुलींना आणलं, पण बापे लोक म्हणाले, आम्हाला काय झालंय. लाज ही अशी चीज आहे की तिला औषध द्यायलाही आधी दार उघडून घ्यावं लागतं.

ताईनं भावोजींना निरोप धाडला. मीच घेऊन गेले. निरोप असा, की जे व्हरांड्यात मला सांगितलंत ते कॅन्टीनमध्ये सांगा, मग मी घरी यायचा विचार करेन. भावोजींनी ऐकलं आणि म्हणाले, "हे म्हणजे भर चौकात कपडे काढण्यासारखं आहे." मी म्हटलं, "तिचे दवाखान्यात काढलेच की."

पाळी बदलायच्या वेळेला कॅन्टीन भरलेलं असतं. मी आणि ताई खिडकीबाहेर उभ्या होतो. भावोजी चहाचा कप हातात घेऊन उभे राहिले, तो खाली ठेवायचं विसरले आणि बोलायला लागले. लहानपणची रांग सांगितली. अजूनही रक्त जातं ते सांगितलं. बायकोवर संशय घेतला तेही सांगितलं. कुणी हसेल असं मला वाटलं होतं. कोपऱ्यातला एक फिटर, आडमाप देहाचा माणूस, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, तो खुर्ची मागं सारून म्हणाला, "मलाही जातं." एवढंच. मग आणखी एक उठला. मग सुपरवायझर, न उठता, हात थोडासा वर करून. ताई खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

त्यानंतर तपासणीला रांग लागली. शाळेतल्या मुलांमध्ये ज्यांना रोग नव्हता त्यांना मोजणं सोपं होतं. सगळ्यांना गोळ्या मिळाल्या. पिंजऱ्यांवरच्या बायकांना रबरी विजारी आल्या, काठावर संडास बांधायला घेतले. ताई घरी गेली. एकदम नाही, आधी आठवड्यातले दोन दिवस, मग चार, आणि मग एकदा पिशवी न्यायला म्हणून माझ्याकडे आली. भावोजी बाहेर गाडीत बसून होते. मी म्हटलं, "माफ केलंस का?" ती म्हणाली, "रोज थोडं करते. एकदम केलं तर उरणार काय?"

तिच्या दुसऱ्या तपासणीत एकही अंडं निघालं नाही. पेढे वाटावेत इतक्या आनंदात आम्ही बाहेर येत होतो, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मागून हाक मारली. शाळेतल्या मुलांचे नवे निकाल आले होते. औषध घेऊन बरी झालेली बरीच मुलं परत आजारी होती. ती परत पोहली होती. गोगलगाई होत्या तिथंच होत्या.

ताई बाकावर बसली. हे संपलं, असं तिनं गृहीत धरलं होतं. आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं.

त्याच संध्याकाळी ती आणि भावोजी काठावर गेले. उकाडा होता आणि मुलं पाण्यात होती. ताईनं एकेकाला हाक मारून बाहेर काढलं आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. मुलांनी मुकाट ऐकलं. मग एक मुलगी, वेणीतून पाणी निथळत, म्हणाली, "मावशी, मग आम्ही पोहायचं कुठं?"

ताईनं भावोजींकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. समोर नजर पोचेल तिथवर पाणी पसरलं होतं, आणि त्यात पाय बुडवायला जागा नव्हती.